सालईटोल्याची पाचवी विहीर

वर्धा, सोमवार, १ डिसेंबर २०२५

शोभा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न उघडताच रद्दीत टाकलं असतंस, म्हणून पत्ता बंडूजींकडून लिहून घेतला. बंडूजी आमचे ऑटोवाले. त्यांनी तो धावत्या ऑटोत लिहिल्यासारखा लिहिलाय. समुद्रपूरला पोहोचला म्हणजे मिळवली.

दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. माफी मागायलाही लिहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या नवऱ्याच्या चौकशीत मी जे सांगितलं ते खरं होतं, आणि खऱ्याची माफी मागायला मला कोणी शिकवलेलं नाही. काम आहे.

प्रभाकररावांची एक जुनी फील्ड बुक हवी आहे. सालईटोला तलावाची, सन ८८ची. तलाव झालाच नाही, पण जमिनी घेतल्या गेल्या, शेतं ओस पडली. त्या वेळी तिथल्या विहिरींची आणि झाडांची मोजणी त्यांनीच केली होती. ते कागदाचा कपटाही फेकत नाहीत, हे तुझ्याच तोंडून ऐकलंय. मला एक किरकोळ शंका आहे. ती फिटली की वही रजिस्टर पोस्टाने परत पाठवीन.

आता या वयात मला विहिरींचं काय पडलंय, तेही सांगते. माझे गुडघे समीक्षा नावाच्या मुलीकडे जातात. ती सावंगीला फिजिओथेरपी शिकवते आणि रविवारी एक क्लब चालवते. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात लावलेले झेंडे क्रमाने शोधायचे, असा खेळ. ओरिएंटिअरिंग म्हणतात. क्लबात माणसं अकरा, त्यातले नऊ तिचेच विद्यार्थी, गुणांच्या धाकाने येणारे. म्हणाली, "मॅडम, घरची माणसं, आया, लहान मुलं कशी यावीत?" मी तिचं पत्रक पाहिलं. सगळं इंग्रजीत, वर अर्ध्या चड्डीतला गोरा धावतोय. मी म्हटलं, हे बघून सेलूची कोणती आई आपलं पोर पाठवील? ती साप बघते, रानडुकरं बघते, पोर हरवलेलं बघते. आधी तिची भीती काढ.

मग मी सगळं हातात घेतलं. तू म्हणशील, घेणारच. धावायची सक्ती नाही, साडीत चाललं तरी चालेल. खेळाला नाव 'झेंडे शोधू या'. छोटी वाट वेगळी, आजी-आजोबांसह. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. वाट चुकलं तर जिथे आहे तिथेच उभं राहायचं आणि तीनदा वाजवायची. शेवटी तर्री-पोहे. शाळांत गेले, बचत गटांत गेले, दोन मुख्याध्यापकांना त्यांच्याच खुर्चीत बसून झापलं. पत्रक मी हाताने लिहिलं, छापून घेतलं. वर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: 'पाऊल न् पाऊल तपासलेला नकाशा. आपलं मूल निर्धास्त सोडा.'

त्रेचाळीस कुटुंबांनी नावं दिलीत. रविवार, २८ डिसेंबर, सालईटोल्याचं पडीक रान. नकाशा अर्थातच मी काढलाय, पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं उगाच नाही घालवली. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर दुसरं काही ठेवू दिलं नाही.

वही लवकर पाठव.

कुंदन

वर्धा, बुधवार, १० डिसेंबर

शोभा,

उत्तर नाही. ठीक आहे. पण हे पत्र मी माझ्याच अक्षरात पाठवतेय, म्हणजे घाई किती आहे ते तुला कळेल.

पोह्यांचं काम टोल्यावरच्या बायकांना द्यायचं ठरलंय. ते बोलायला परवा बंडूजींना घेऊन गेले होते. तिथे जयवंता भेटली. पन्नाशीची गोंड बाई आहे, शेळ्या राखते, तोंडाने माझ्यापेक्षा एक मात्रा जास्तच. मी हौसेने तिच्यासमोर नकाशा पसरला. तिने नकाशाकडे पाहिलं नाही, माझ्या चपलांकडे पाहिलं.

"बाई, हे सारं तुम्ही फिरून पाह्यलं?"

"हो."

"नाल्याच्या तिकडलंबी?"

"हो म्हटलं ना."

"मंग तुम्हाले इहीर नाई दिसली?"

"तीन आहेत. तिन्ही दाखवल्यात. या निळ्या खुणा."

"ह्या तीन इकडल्या झाल्या. तिकडं माही बकरी गेली ना वो, सरावणात. इहिरीवर रायमुनियाचं झुडूप चढलं हाये, वरतून सारं हिरवं दिसते. पाला खाता खाता गेली. आवाज बी नाई आला." मग थोडं थांबून म्हणाली, "मंग आला."

शोभा, त्या 'मंग आला'नंतर मला नकाशाची घडीसुद्धा नीट घालता येईना.

"कठडा नाही?" मी विचारलं.

"कठड्याचे गोटे लोकायनं घराले नेले. सरकारची जागा. कोन इचारते?"

बंडूजी मधेच म्हणाले, "मॅडमजीच्या नकाशात नाई म्हंजे नसनच ते." त्यांचा माझ्यावर फार विश्वास. जयवंता हसली. "हाव, बकरीनंबी नकाशाच पाह्यला असन."

घरी येऊन मी खात्याची जुनी शीट भिंगाखाली धरली. नाल्याच्या पूर्वेला विहिरीची खूणच नाही. शीट प्रभाकररावांच्या मोजणीच्या आधीची आहे, हे मला माहीत होतं. आकाशातून घेतलेल्या चित्रात फक्त हिरवं दिसतं, जयवंता म्हणाली तसं. तलाठ्याकडे गेले. जमीन सरकारजमा झाल्यापासून उताऱ्यावर विहिरीचा रकाना कोरा. त्याने मलाच विचारलं, "मॅडम, विहीर आहे का तिथं?"

सात नंबरचा झेंडा त्या बाजूला आहे. लहान मुलांच्या वाटेवरचा.

आणि आता ते लिहिते, ज्यासाठी हे पत्र आहे. समीक्षाने काल नावांची यादी दिली. एकतिसावं नाव: गुंजन, वय नऊ, सोबत आई सुरभी, सावंगी (मेघे). तुझी लेक सुरभी, तुझी नात गुंजन. मी समीक्षाला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "हो, लॅबमधल्या सुरभी मॅडम. पत्रकावरचं अक्षर ओळखीचं वाटलं म्हणाल्या. ज्यांचं हे अक्षर आहे त्यांच्या नकाशात चूक नसते, म्हणाल्या."

मी त्या मुलीला एकदाही पाहिलेलं नाही. बारशाचं बोलावणं आलं नव्हतं, आणि मीही ते अपेक्षिलं नव्हतं.

बाकी बेचाळीस कुटुंबांची नावं वाचून मला काळजी वाटली होती. हे एक वाचून भीती वाटली. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे. शेजारची पोरं अंगणात लपंडाव खेळतात, एखादं क्षणभर दिसेनासं झालं की मी हातातलं टाकून खिडकीशी जाते. काल पोळी करपली. मी, शोभा. माझी पोळी.

वहीचं बघ. नाहीतर सुरभीला सांग, येऊ नको. पण कारण विचारलं तर काय सांगशील?

कुंदन

वर्धा, बुधवार, १७ डिसेंबर

शोभा,

नागपूरच्या बोर्डिंगमध्ये आपण एकदा चॅपेलात शिरून कन्फेशनच्या खोक्यात बसलो होतो, आठवतं? तू जाळीच्या त्या बाजूला, फादर झालीस. मी म्हटलं, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तू बारा वर्षांची, म्हणालीस, "ताई, तुझ्याकडे कधीच नसतं." मग सिस्टरने दोघींनाही पट्टीने झोडलं.

आज आहे. जाळीपलीकडे तू आहेस असं धरून लिहिते.

मी नाल्याच्या पलीकडे गेलेच नव्हते.

नाल्यापर्यंत गेले, उतार पाहिला, गुडघे नाही म्हणाले. समीक्षाला सांगितलं असतं तर तिने विद्यार्थी पाठवले असते. पण मग त्या पोरांनी माझा नकाशा तपासला असता. मला ते सोसलं नाही. पूर्वेचा भाग मी टेबलावर बसून शीटवरून उतरवला. नकाशासोबत क्लबचा एक छापील कागद असतो. त्यात रकाना आहे: 'जागेवर तपासले. नाव, सही, दिनांक.' मी नाव लिहिलं, सही केली, तारीखही टाकली, १४ नोव्हेंबर. त्या दिवशी मी समीक्षाच्याच दवाखान्यात गुडघ्यांवर शेक घेत पालथी पडले होते.

तुला आता काय आठवतंय ते मला ठाऊक आहे. सिंदीला काकांची तेरवी होती. प्रभाकरराव माझ्यासमोरच्या पंगतीत बसून तिसऱ्यांदा वडे मागत होते. आणि त्याच तारखेला फाइलवर त्यांनी लिहिलं होतं, 'बांधाची समक्ष पाहणी केली, काम समाधानकारक.' पंधरा दिवसांत कालवा फुटला. दोन बैल वाहून गेले, अख्ख्या शिवारातला हरभरा गेला. चौकशीत साहेबांनी विचारलं, त्या दिवशी हे कुठे होते? खोलीतले सगळे पंख्याकडे बघत होते. मी म्हटलं, "माझ्यासमोर. वडे खात होते." लोक हसले. त्यांची नोकरी निलंबनातच संपली.

चौतीस वर्षं मी त्या शब्दांचा संताप केला. समक्ष पाहणी केली! कूलरसमोर बसून डोंगर बघणारी, चहा पिता पिता धरणं मोजणारी माणसं मी पाहिली, आणि प्रत्येकाला तोंडावर सुनावलं. माझ्या गुडघ्यांनी मला त्यांच्या रांगेत नेऊन बसवलं असं म्हणायचा मोह होतो. पण सही गुडघ्यांनी केली नाही.

सोमवारी गेले. बंडूजींनी नाल्यातून हात धरून पलीकडे काढलं. "मॅडमजी, कायले जीव घालून राह्यल्या? वयाचं तरी पाहा." जयवंता पुढे, हातात कोयती. ती म्हणाली, "माह्या मागंमागं याजो. माहा पाय जिथं, तुमचा पाय तिथं."

बकरीची विहीर सापडली. म्हणजे तिने दाखवली. मला समोर फक्त झुडूप दिसत होतं, फुलं आलेलं, वर फुलपाखरं. तिने कोयतीने फांदी उचलली आणि खाली काळं होतं. मी दगड टाकला. एक, दोन म्हणेपर्यंत काही नाही. मग पाण्याचा आवाज. मी बंडूजींचा दंड इतका घट्ट धरला की त्यांनी नंतर बाही वर करून वळ दाखवला.

"चला, एक मिळाली. झालं ना?" बंडूजी म्हणाले.

जयवंता म्हणाली, "माही सासू इथं निंदाले येत जाय. ते म्हने, पाच इहिरी होत्या. चार मी पाह्यल्या." कोयती पुसत म्हणाली, "पाचवी नाई पाह्यली."

दोन तास शोधली. काठी आपटत, वीतभर वीतभर. रायमुनियाचा तो उग्र वास अजून माझ्या साडीला आहे. नाही सापडली. तीनशे पावलांचं रान, आणि त्यात कुठेतरी ती आहे, वर फुलं आणि फुलपाखरं घेऊन.

ज्यांची शेतं होती ते पैसे घेऊन कुठल्या कुठे गेले. ती विहीर कुठे आहे हे या जिल्ह्यात एकाच माणसाने कागदावर लिहिलंय आणि तो तुझ्या घरात बसलाय. मी हात जोडते. मी कधी जोडले नाहीत, त्यामुळे कसे दिसतात माहीत नाही, पण जोडते.

समीक्षाला अजून काही सांगितलेलं नाही. का, ते विचारू नकोस.

कुंदन

वर्धा, बुधवार, २४ डिसेंबर

शोभा,

पोस्टकार्ड आलं. तुझं नव्हे, त्यांचं. अक्षर थरथरलेलं आहे. त्यांना काही झालंय का? मला कोणी कळवलं नाही, आणि कोणी कळवावं असं मी काही ठेवलंही नव्हतं.

मजकूर तुला माहीत असेल, नसेल तर हा घे: 'फील्ड बुक चौकशीच्या वेळी इतर कागदांसोबत जप्त झाली. परत मिळाली नाही. विहिरी किती व कुठे, आता आठवत नाही. समक्ष पाहणी करावी. प्रभाकर.'

मी ते कार्ड वाचलं, पालथं घातलं, पुन्हा वाचलं. रागावता येईना. अकरा वर्षं त्यांनी हे वाक्य माझ्यासाठी राखून ठेवलं असेल असं वाटलं. मग वाटलं, नाही, अभियंत्याने अभियंत्यासारखा सल्ला दिलाय. दुसरं ते काय सांगणार? वही माझ्या साक्षीमुळे गेली. ती आज माझ्याकडे नाही, ती मीच घालवलीय.

चार दिवस उरलेत. काल पुन्हा रानात गेले, पाचवी सापडली नाही. परतताना बंडूजी म्हणाले, "मॅडमजी, एक सांगू? वाघ आला म्हना. पायाचे ठसे दिसले म्हना. सारं रद्द होते, आन् तुमचं नावबी खराब होत नाई. वाघाले कोन पुरावा मांगते?"

शोभा, मी सेलूचा फाटा येईपर्यंत तो विचार केला. किती सोपं होतं! त्रेचाळीस कुटुंबं मुकाट्याने घरी राहिली असती, उलट माझे आभार मानले असते. आणि पुन्हा त्यांतलं एकही मूल कधी रानात आलं नसतं. ज्या भीतीला दोन महिने दारोदार जाऊन मी घालवलं, तिलाच वाघाचं कातडं घालून प्रत्येकाच्या घरात परत पाठवायचं, कशासाठी, तर एका सहीसाठी.

फाट्यावर मी बंडूजींना म्हटलं, ऑटो सावंगीकडे घ्या. मग दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन घरी परतले. पायरीवरूनच. समीक्षा आत कुठल्यातरी म्हाताऱ्याला "अजून एकदा, काका, छान" म्हणत होती. माझ्याबद्दल तिला किती अभिमान आहे, ते तू पाहिलेलं नाहीस. तेवढा तुझ्यानंतर कोणाला वाटला नव्हता.

उद्या पुन्हा दवाखान्यात जाईन. अक्षर बघ. माझं वाटत नाही.

कुंदन

वर्धा, मंगळवार, ३० डिसेंबर

शोभा,

सुरभीने तुला फोनवर सांगितलं असेल, तरी माझ्याकडून ऐक. तिने मला सांभाळून घेऊन सांगितलं असेल.

गुरुवारी गेले. दवाखान्यात दोन पेशंट होते, त्यांच्या देखतच सांगितलं, नाहीतर पुन्हा परतले असते. समीक्षा ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, ते मला येतं. तिने कपाटातून तो कागद काढला, तारीख पाहिली, मग स्वतःची पेशंटांची वही उघडली आणि १४ नोव्हेंबरवर बोट ठेवलं. 

"तुमच्या नावावर मी लोकांना बोलावलं, मॅडम."

"माहीत आहे."

"आता तुम्हीच सगळ्यांना सांगा. एकेकाला. मी नाही सांगणार."

त्रेचाळीस फोन केले. वाक्य एकच: मी रानाचा एक भाग न पाहता पाहिला असं लिहिलं, तिथे उघडी विहीर आहे, दुसरी असावी, त्या बाजूला आता कोणीही जाणार नाही, झेंडे नाल्याच्या अलीकडेच लागतील, अलीकडची बाजू आता समीक्षाच्या विद्यार्थ्यांनी पावलापावलाने पाहिलीय, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं?" एका बाईने फक्त फोन ठेवला. एकीने विचारलं, "मग आता हे खरं कशावरून?"  सतरा कुटुंबं गळाली.

एकतिसावा फोन सुरभीचा. मी वाक्य म्हटलं.  मग, "मावशी, नाल्याच्या पलीकडे नाही ना जायचं? मग येतो आम्ही." आणि म्हणाली, "आईला सांगितलं. आई काही बोलली नाही. पण तिने फोनही ठेवला नाही."

रविवारी मी नाल्याच्या काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात काठी, गळ्यात शिट्टी. नाल्याला दोर बांधला होता. प्रत्येक नकाशावर पूर्वेचा भाग मी स्वतः लाल रेघांनी मारला होता, सव्वीस नकाशे. सकाळी थंडी होती, पोरांचे आवाज चारी बाजूंनी येत होते, आयांचे हसण्याचे, कोणीतरी आजोबा "अरे इकडे आहे झेंडा!" म्हणून ओरडत होते. सेलूच्या दोन बाया नऊवारीत होकायंत्रावरून भांडत होत्या. ज्यासाठी सगळं केलं ते समोर होतं आणि मला त्यातलं काही गोड लागेना. मी डोकी मोजत होते.

नऊच्या सुमाराला सुरभी धावत आली. एकटी. अकरा वर्षांनी मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "मावशी, गुंजन पुढे पळाली. दिसत नाही."

जयवंता पोह्याची कढई सोडून आली. तिने नाल्याकडे पाहिलं. शेळ्यांची वाट दोराखालून पलीकडे जाते. नऊ वर्षांचं मूल वाकून सहज जाईल.  मी नाल्यात उतरले. कशी, विचारू नकोस. गुडघे होते की नव्हते ते मला आठवत नाही.

पलीकडे एकदम शांत होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले. ज्या मुलीला कधी पाहिलं नाही तिला मी कशी हाक मारणार, कोण म्हणून? शेवटी नुसतं "गुंजन!" जयवंता पुढे, मी तिच्या पावलावर पाऊल ठेवून. प्रत्येक झुडपावर फुलं. प्रत्येक झुडूप मला तेच वाटत होतं. आणि मी कान देऊन तो आवाज ऐकत होते, जो आधी येत नाही आणि मग येतो.

आली ती शिट्टी. तीनदा. मागून, नाल्याच्या अलीकडून.

मी गर्रकन वळले. जयवंताच्या पावलांतून माझं पाऊल सुटलं. तोल सावरायला काठी टेकली आणि काठी टेकलीच नाही. खाली गेली, मुठीपर्यंत, आणि हातातून सुटली. एक, दोन. मग पाणी.

जयवंताने मागून माझं स्वेटर धरलं होतं. "हालू नका," ती म्हणाली. "बाई, हालू नका. हे पाहा. पाचवी."

शोभा, माझ्या पायाच्या बोटांपुढे हिरवळ होती आणि तिला जमीन नव्हती.

गुंजन चार नंबरच्या झेंड्याजवळ पळसाला टेकून उभी होती. मी पोहोचले तेव्हा माझ्या हातांना रक्त, डोक्यात काटे. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी हरवली नव्हती," म्हणाली. "नकाशा उलटा पकडला होता. मग पत्रकात लिहिलं होतं तसं उभी राहिली. तुम्ही कोण?" सुरभी तिला मिठीत घेऊन रडत होती. ती आईच्या खांद्यावरून मला विचारत होती, "तुम्ही हरवल्या होत्या का?"

मी हो म्हटलं.

काल समीक्षा, जयवंता आणि मी टेप घेऊन पुन्हा गेलो. पाचव्या विहिरीपासून सात नंबरच्या झेंड्याची ठरलेली जागा नऊ मीटर. मूल धावत आलं असतं तर किती पावलं, ते मी मोजलं नाही. दोन्ही विहिरींना तारेचं कुंपण झालंय, सतरा गळालेल्या कुटुंबांपैकी चौघांनी येऊन खांब रोवले. ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय, आणि कठडे होईपर्यंत त्या ग्रामसेवकाला माझ्यापासून सुटका नाही. पुढच्या महिन्यात नऊ नवी कुटुंबं येतो म्हणतायत. का, ते समीक्षालाही कळत नाही. एक आई म्हणाली, "जिथं चूक सांगतात तिथं पाठवायले बरं वाटते."

आता दोन गोष्टी, मग संपवते.

चौकशीत मी सांगितलं ते खरं होतं, आजही मागे घेत नाही. पण वडे सांगायची गरज नव्हती. 'सिंदीला होते' एवढं पुरलं असतं. लोक हसले तेव्हा मला मजा आली होती, आणि मी दाराशी उभ्या असलेल्या तुझ्याकडे पाहिलंही नव्हतं. त्या मजेची माफी मागते. तुझी आणि त्यांची.

दुसरं, सोबत नवा नकाशा आहे. पाच विहिरी. खालच्या कागदावर माझी सही आहे, या वेळी तारीख खरी. समीक्षाने आता नियम केलाय की तपासणाऱ्याच्या दोन सह्या हव्यात. दुसरी जागा मी रिकामी ठेवलीय. सन ८८ला त्या रानातल्या प्रत्येक विहिरीपाशी उभा राहून मोजणी केलेला माणूस एकच आहे. प्रभाकररावांना सांग, नाला उतरायला बंडूजी आणि जयवंता आहेत, बसायला माझी खुर्ची आहे, आणि हात थरथरत असला तरी चालेल.

पण न पाहता सही करू नये म्हणावं.

ताई